उन्हाळ्यात कोंबड्यांना औषध देताना
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



अंड्यांच्या पैशावर आपल्यापैकी पुष्कळजणींचा मीठमिरचीचा खर्च निघतो. म्हणून हे दोन शब्द.

कोंबडीला घाम येत नाही. ऊन वाढले की ती चोच उघडून धापा टाकते, खाणे कमी करते आणि अंड्याचे कवच पातळ होते. अशा वेळी आपण क्षारांची व क जीवनसत्त्वाची पुडी आणतो. पुडी चांगलीच, पण मापाने.

अंडी देणारी कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. कडक उन्हात ती दुप्पटही पिते. म्हणजे लिटरमागे तेवढीच पूड घातली, तरी पोटात दुप्पट जाते. त्यावर आणखी चिमूटभर जास्त घातली, तर मीठ बाधते, हगवण लागते. लहान पिल्ले तर दगावतात. म्हणून पुडीवरचे माप लिटरमागे आहे की पक्ष्यांमागे, हे आधी वाचावे. दोन पुड्या एकत्र करू नयेत. मीठ बहुधा दोहोंतही असते. औषधाचे पाणी रोज ताजे करावे, कारण क जीवनसत्त्व पाण्यात टिकत नाही. ते संपले की साधे गार पाणी ठेवावे. पुडीत प्रतिजैविक असेल, तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि ते सांगतील तितके दिवस अंडी विकू नयेत.

शेवटी एकच. सावली, वारा नि गार पाणी नसेल, तर कोणतीही पुडी कोंबडी वाचवणार नाही. छपरावर पाचट घाला, वाऱ्याच्या बाजूला ओले गोणपाट बांधा. आधी हे, मग पुडी.