कानाला यंत्राची जोड
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो नव्या डिजिटल स्टेथोस्कोपचा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी होते, आणि तीत हृदयाचे दोषही पाहतात. अशा ठिकाणी हे यंत्र आले, तर त्याचे म्हणणे कितपत मानावे, हे आयांना कळावे एवढाच माझा हेतू.

हृदयाला चार झडपा असतात. त्या मिटताना ‘लब्-डब्’ असा आवाज होतो. ओढ्याचे पाणी मोकळ्या पात्रात संथ वाहते, पण दगडांच्या फटीतून जाऊ लागले की खळखळते. तसेच झडप आकसली, नीट मिटेनाशी झाली किंवा पडद्याला जन्मतः छिद्र राहिले, म्हणजे ठोक्यांच्या मध्ये रक्ताची खळखळ ऐकू येते. हीच मर्मर. मात्र पुष्कळ धडधाकट मुलांतही ती ऐकू येते. ती निर्दोष असते, तिला औषध लागत नाही. तेव्हा एवढ्यावरून मुलीचे खेळणे-पळणे बंद करू नये, आणि तिच्या दुखण्याची कुजबुज तर मुळीच करू नये.

पण दुसरी बाजूही आहे. लहानपणी जंतूंमुळे घसा दुखतो, पुढे काही मुलांना ताप येऊन सांधे सुजतात, आणि त्यात झडपेला इजा होते. कित्येक मुलींच्या बाबतीत हे पहिल्या गरोदरपणात उघडकीस येते. त्या काळात शरीरातले रक्त वाढते, आकसलेल्या झडपेला तो भार पेलत नाही आणि धाप लागते. हेच आधी कळले, तर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन पुढची हानी पुष्कळ टाळता येते.

१८१६ साली पॅरिसमध्ये डॉ. लेनेक यांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून ठोके ऐकले. तिच्यातूनच स्टेथोस्कोप निघाला. नवे यंत्र आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर करते, तो मोठा करते, साठवून ठेवते. मग तो दूरच्या तज्ज्ञांना पाठवता येतो, किंवा संगणकाकडून पारखून घेता येतो.

पण ही पारख खरी किती? चाळणी घेताना आपण दोन गोष्टी पाहतो : खडा खाली जातो का, आणि चांगला दाणा वर अडकतो का. यंत्राचेही तसेच. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संगणकाचा निर्णय तज्ज्ञांच्या निर्णयाशी ताडून पाहिला. मर्मर असलेल्या शंभरांपैकी सुमारे ७६ ओळखल्या गेल्या, २४ निसटल्या. मर्मर नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९१ बरोबर ठरल्या, ९ जणांना उगाच घोर लागला असता. अगदी मंद मर्मरी वगळल्या, तेव्हा ७६ चे ९० झाले.

ब्राझीलमध्ये २०१४ व २०१५ साली डिजिटल स्टेथोस्कोपने १५६८ जणांच्या हृदयाचे आवाज टिपले. त्यांत बहुतेक मुलेच होती. त्याच संग्रहावर २०२२ साली संगणकतज्ज्ञांची एक स्पर्धा झाली. तिथे गुण देताना मर्मर असलेल्याला ५, संदिग्धाला ३ आणि मर्मर नसलेल्याला १ असे वजन होते. दुखणे निसटणे हे उगाच घाबरण्याहून महाग, हा हिशेब कोणत्याही आईला पटेल.

तरी कानाची एक मर्यादा यंत्रालाही ओलांडता येत नाही. कंबोडियात ३६७७ शाळकरी मुलांत नुसत्या तपासणीने झडपेचा आजार ८ जणांत सापडला, इको तपासणीने ७९ जणांत. मोझांबिकमध्ये २१७० मुलांत हेच आकडे ५ आणि ६६ होते. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आजारी झडप पुष्कळदा आवाजच करीत नाही. जो आवाज झालाच नाही, तो कितीही मोठा करून काय ऐकणार?

म्हणून भगिनींनो, चार गोष्टी पदरात बांधून न्या. तपासणीच्या वेळी पंखा, बोलणे, रडणे थांबवा. यंत्राने मर्मर सांगितली तर घाबरू नका, पण डॉक्टरांना इकोविषयी विचारल्याशिवाय राहू नका. यंत्र गप्प राहिले तरी धाप, छातीतली धडधड किंवा सांध्यांची सूज अंगावर काढू नका. आणि ताप येऊन घसा दुखला, तर हळद-दुधावर न थांबता दवाखान्यात जा.

यंत्र हे दाराशी जागणाऱ्या राखणदारासारखे आहे. त्याने हाक दिली तर उठून पाहावे, आणि त्याने हाक दिली नाही म्हणून दार उघडे टाकू नये.