एकच वावर दोनदा



मनोगतात गणित काढते आहे, घाबरू नका. उदाहरण एकच आहे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी गणितात नापास झाले. सगळाच पेपर बिघडला होता, पण डोक्यात एकच प्रश्न अडकला: तीन पाकळ्यांच्या ध्रुवीय वक्राचे क्षेत्रफळ. सूत्र पाठ होते. त्रिज्येच्या वर्गाच्या निम्म्याचे कोनाप्रमाणे संकलन, ० ते ३६० अंश. उत्तर बरोबर दुप्पट यायचे. परतवाड्याहून घाटातली एसटी धरून मी धारणीला आले, ती पेटीसकट. घरी म्हटले, डी.एड. करते.

आपले गणिताचे सर समोरच बसलेत. हा भाग शाळेत कधीच नव्हता. तरी त्यांनी वही पाहिली आणि विचारले, "हे निम्मं कुठून आलं?" मला सांगता येईना. मग त्यांनी भाकरीवर बोट फिरवले. मधून काठापर्यंत कापलेला अगदी बारीक तुकडा म्हणजे त्रिकोणच. उंची त्रिज्येएवढी, पाया त्रिज्या गुणिले इवलासा कोन. म्हणून निम्मे. असे सगळे तुकडे जोडणे म्हणजे संकलन.

मग मैदानावर नेले. हातात फक्की दिली. त्रिज्या म्हणजे १० गुणिले तिप्पट कोनाचा कोसाइन, एकक पाऊल. मध्यावर उभे राहून त्या कोनाकडे तोंड करायचे, तेवढी पावले टाकून खूण करायची आणि परत यायचे. उत्तर ऋण आले तर तोंड तिकडेच ठेवून मागे चालायचे. शून्य अंशाला पूर्वेकडे १० पावले. ६० अंशाला उलटी १०. १२० ला पुन्हा सरळ. १८० ला तोंड पश्चिमेला, पावले उलटी, आणि मी पहिल्याच खुणेवर! तिन्ही पाकळ्या पुऱ्या झाल्या होत्या, आणि मी निम्मीच फिरले होते.

"पोरी, तूनं एकच वावर दोनदा मोजलं," सर म्हणाले.

संकलन १८० अंशांपर्यंतच. उत्तर २५ पाय, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस पावले. १० पावलांच्या पूर्ण वर्तुळाची नेमकी चतकोर. पेटी परत गेली.

पुढच्या परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. कार्डिऑइड आला. त्यात त्रिज्या कधी ऋण होत नाही, पूर्ण फेरी मारावीच लागते. मी बाकावर बसल्या बसल्या मान फिरवून खात्री करत होते, आणि पर्यवेक्षकांना वाटले मी शेजारणीचे बघते आहे.