तळ आणि घर

कन्याकुमारीच्या दक्षिणेस सुमारे 1800 किलोमीटरांवर, हिंदी महासागरात दिएगो गार्सिया हे प्रवाळबेट आहे. नारळाच्या बागा आणि खोबरे हीच तेथील जुनी उपजीविका. 1965 साली ब्रिटनने हे बेट ज्यात येते तो चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि 1966 च्या करारान्वये अमेरिकेला तेथे लष्करी तळाची मुभा दिली. 1968 ते 1973 या काळात द्वीपसमूहातील दीड-दोन हजार रहिवाशांना हलविण्यात आले. त्यांची पाळीव कुत्रीदेखील कोंडून धुराने मारली गेली.

आता बेटाच्या पश्चिम भागात धावपट्टी, गोदी, भोजनगृहे व क्रीडांगणे आहेत. तळावरील पुष्कळशी कामे फिलिपाइन्समधून आलेले कामगार करतात. पूर्वेकडे जुन्या मळ्याचे अवशेष उभे आहेत आणि मळ्यातील गाढवांचे वंशज मोकाट हिंडतात. गाढवांना राहू दिले, माणसांना नाही!

मे 2025 मध्ये झालेल्या ब्रिटन-मॉरिशस करारात सार्वभौमत्व मॉरिशसला व तळ 99 वर्षे ब्रिटनकडे, असे ठरले. पुनर्वसनाची तरतूद आहे ती इतर बेटांपुरती. सैनिकाची तेथील नेमणूक मुदतीने संपते. परंतु ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी त्या वाळूत आहेत, त्यांचा वनवास कोणत्या मुदतीने मोजावा?