जन्मठेपेतल्या बाईचे घर कुठे?



आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखातच एक वेगळा तुरुंग आहे, आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. १९३९ साली औंध संस्थानाने तो वसवला. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची कल्पना आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींची मान्यता. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांनी भिंतींशिवाय राहायचे, शेती करायची, बायकामुलांसह संसार करायचा. त्यावरूनच १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला.

चित्रपट आपण पाहिला. पण कैद्यामागून त्या माळावर राहायला गेलेल्या बायकोचा विचार केला का? गुन्हा तिचा नव्हता, तरी तिने तिथे चूल मांडली. आता उलटे बघा. बाईला जन्मठेप झाली, तर तिच्यामागे कोण जाते? सासरचे दार बंद होते. माहेरी धाकटीचे लग्न अडेल म्हणून तिचे नावही घेत नाहीत. मुले कुणाच्या तरी घरी वाढतात.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपण समजतो. ते खरे नाही. गोपाळ गोडसे खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जन्मठेप म्हणजे उरलेले सारे आयुष्य. खुनाच्या गुन्ह्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावरच सुटकेचा विचार, आणि तोही सरकारच्या हातात. मधल्या काळात माणूसपण टिकवायला आधार असतो तो पॅरोल-फर्लोच्या रजेचा. पण रजेवर सोडताना विचारतात, सांभाळायला नातेवाईक कोण? जामीन कोण? घरच्यांनीच टाकलेल्या बाईने काय उत्तर द्यायचे? तिची रजा कागदावरच राहते. कायदा दोघांना एकच, पण घर मात्र पुरुषालाच असते.

शिक्षा माफ करा, असे मी म्हणत नाही. ज्या घरातला माणूस गेला, तिथेही एक बाई रडते आहे. पण तुरुंगाच्या दाराशी माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच सुनील बत्रा खटल्यात सांगितले आहे.

म्हणून दोन कामे करू. आपल्या भागातल्या कैदी बायांना नियमाने भेटू, त्यांच्या मुलांची खबर त्यांना पोचवू. आणि नातेवाईक नसेल तिथे स्त्री संघटनेची हमी धरावी, अशी मागणी सरकारकडे लावून धरू. नवऱ्याने टाकलेल्या बाईसाठी आपण उभ्या राहतोच. तुरुंगातली बाई त्याहून वेगळी कशी?