घरातले नाटक



आमच्या धाकट्या भावजींना स्पीकर जोडण्याचा भारी नाद. बैठकीच्या दोन कोपऱ्यांत दोन ठेवले, तर धमक वाढली, पण नाटकातले शब्द कळेनात. स्पीकर हातभर पुढे ओढले, उघड्या भिंतीवर मी जाड गोधडी टांगली, तेव्हा कुठे घुमणे कमी झाले.

बालगंधर्वांच्या वेळी तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे. नाट्यगृहात तेच पद ‘वन्स मोअर’ घेत किती लांबे! सासूबाईंना आता नाटकाला नेणे होत नाही. परवा ‘स्वयंवर’ (१९१६) मधले पद त्यांनी खाटेवरूनच ओळखले.

शेजारच्या मुलीची मात्र दहावी आहे. म्हणून आठनंतर स्पीकर बंद. भावजी कुरकुरतात, बटण मी माझ्याच हाती ठेवले आहे.