वारसा नाकारणारा मुलगा



आजच्या पुष्पाचा विषय 'भयपट' आहे हे पत्रिकेत वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. जिथे इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय यांवर बोललं जातं, तिथे भुताखेताचा सिनेमा कशाला? हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. इस्टेट, वाटण्या, वाडवडिलांकडून आलेलं धन आणि त्याच्याबरोबर आलेलं पाप यांविषयी अलीकडच्या काळात पडद्यावर जे सगळ्यात धीटपणे सांगितलं गेलं, ते मला एका भयपटात सापडलं. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, पण माणसं, पाऊस, वाडा, पगडी, सगळं आपलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. समृद्धीची देवी सगळ्या देवांना जन्म देते. तिचं पहिलं लेकरू हस्तर. देवीकडचं सोनं तो बळकावतो आणि मग धान्याला हात घालतो. तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवते, पण एका अटीवर: त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही, त्याची पूजा कुणी करायची नाही. तुंबाड गावातलं एक घराणं ही अट मोडून त्याचं देऊळ बांधतं. देव कोपतात आणि गावावर पाऊस कोसळू लागतो, तो थांबतच नाही.

कथा तीन टप्प्यांत घडते: 1918, 1933 आणि 1947. पहिल्या टप्प्यात तुंबाडच्या वाड्यात म्हातारा धनी 'सरकार' आहे, त्याची सेवा करणारी एक विधवा आहे आणि तिची दोन मुलं आहेत, विनायक आणि सदाशिव. मुलं सरकारचीच, पण त्याचं नाव न लावणारी. या बाईच्या घरात एक भयंकर म्हातारी साखळदंडाने बांधून ठेवलेली आहे. ती मरत नाही आणि तिची भूकही भागत नाही. तिला सांभाळायचं आणि सरकारची मर्जी राखायची, कशासाठी? तर एका सोन्याच्या मोहरेसाठी. सदाशिव दगावतो. आई विनायकला घेऊन पुण्याला निघते आणि तुंबाडला परत जाणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेते. पंधरा वर्षांनी तो परत जातोच.

मला इथे थांबायचं आहे, कारण चित्रपटाचा सगळा पीळ इथे आहे. विनायक हा कायद्याने वारस नाही. त्या काळच्या हिंदू कायद्यात उच्चवर्णीय घरातल्या अशा मुलाला पोटगीपलीकडे फारसा हक्क नव्हता. वाडा, जमीन, नाव यांतलं काहीच त्याच्या वाट्याला येणार नव्हतं. वाट्याला आली ती फक्त घराण्याची हाव. ती त्याने रीतसर मागून घेतली. म्हातारीच्या अंगातून तोवर झाड उगवलेलं असतं, तरी तिचं काळीज धडधडत असतं. सुटका करण्याच्या बदल्यात तो तिच्याकडून गुपित काढून घेतो. वाड्यातल्या विहिरीतून खाली देवीच्या गर्भात उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, आत कणकेची बाहुली ठेवायची. शेकडो वर्षांचा उपाशी हस्तर तिच्यावर झडप घालतो तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटातून मोहरा पाडून घ्यायच्या आणि दोराला धरून वर यायचं. एका खेपेला मूठभर मोहरा. मग पुणे, सावकार राघव, ऐषआराम, आणि पैसे संपले की पुन्हा तुंबाड.

हस्तरकडे सोन्याला तोटा नाही, तो मरतो आहे दाण्यासाठी. ही कल्पना मला असामान्य वाटते. कोकणातली खोती ज्यांना माहीत आहे त्यांना तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. खोत सरकारी वसूल गोळा करायचा आणि कुळाच्या भातातला अर्धेलीचा वाटा घरी न्यायचा. कुळाच्या कणगीत काय उरायचं ते कुळालाच ठाऊक. 1933 साली पडद्यावरचा विनायक त्या वाड्यात शिरतो. त्याच वर्षीच्या 27 ऑक्टोबरला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो सुमारे सहा वर्षं चालला. जमिनी पडीक राहिल्या, कुळं मोलमजुरीवर जगली, पण नांगर धरला नाही. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि 1949 मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. चित्रपटाचा तिसरा टप्पा 1947 चा आहे. शासन वाडा ताब्यात घेणार असं विनायकला कळतं आणि त्याची घालमेल सुरू होते. जुन्या घराण्यांत ही घालमेल खरोखरच झाली होती.

माझी एक तक्रारही आहे, आणि ती मनापासूनची आहे. या चित्रपटात कूळ दिसत नाही. गाव ओसाड आहे, शेतं पाण्याखाली आहेत, कसणारा कुठेच नाही. वाड्यातलं सोनं थेट देवीच्या पोटातून येतं, कुणाच्या घामातून येत नाही. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून चित्रपटाने गावाचं नाव घेतलं, पण त्या दोन खंडांतला माणसांनी गजबजलेला खोतवाडा घेतला नाही. एखादा चरीचा शेतकरी त्या पावसात वाड्याच्या दारात येऊन उभा राहिला असता, तर भीतीला आणखी खोली आली असती.

आता पैशाविषयी. हिंदी चित्रपटांच्या मानाने हा तुटपुंज्या पैशांत झालेला चित्रपट. खर्च साधारण पाच कोटींच्या आसपास सांगितला जातो. 2012 मध्ये चित्रीकरण झालं, ते मनासारखं उतरलं नाही आणि 2015 मध्ये पुन्हा करावं लागलं. निर्माते आणि विनायकची भूमिका करणारे सोहम शाह टिकून राहिले. पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यांची वाट पाहिली गेली. छायालेखक पंकज कुमार यांनी ढगाळ दिवसाचा तो करडा, ओला उजेड असा पकडला आहे की दोन तासांत प्रेक्षकाला आपल्याच अंगावर बुरशी धरल्यासारखं वाटतं. सासवडचा वाडा तर आपल्याकडे होताच, तो कुणाला उभारावा लागला नाही. पैसा कमी असला की दिग्दर्शकाला निवड करावी लागते. इथे राक्षस एकच आहे, तो एकाच जागी आहे आणि दिसतो थोडाच वेळ. पात्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि विनायकच्या मुलाची, पांडुरंगची भूमिका करणाऱ्या मोहम्मद समद या मुलानेच रंगभूषेखाली त्या भीषण आजीचंही काम केलं आहे! वारशाच्या गोष्टीत पहिली पिढी आणि शेवटची पिढी एकाच देहात असावी, यापेक्षा बोलका योग कोणता? व्हेनिसच्या महोत्सवातल्या 'क्रिटिक्स वीक' विभागाची 2018 ची सुरुवात याच चित्रपटाने झाली आणि छायालेखन, कलादिग्दर्शन व ध्वनिआरेखन यांसाठी त्याला फिल्मफेअर मिळालं.

थोड्या पैशांतल्या भयपटाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे. रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे'साठी सगळा ताफा महाबळेश्वरला नेला होता. 1984 च्या त्यांच्या 'पुराना मंदिर'मध्येही वारसाच आहे: सामरी नावाच्या सैतानाचा शाप राजघराण्यातल्या बायकांवर पिढ्यानपिढ्या उतरतो. पण तिथे शाप बाहेरून आलेला, घराणं बिचारं. 'तुंबाड'मध्ये घराण्याने शाप स्वतः देव्हाऱ्यात आणून बसवला. मधल्या चौतीस वर्षांत झालेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

योगायोग असा की 2018 मध्येच अमेरिकेत ॲरी ॲस्टर या दिग्दर्शकाचा 'हेरेडिटरी' आला. तिथेही आजी, तिथेही तिने नातवंडांसाठी मागे ठेवलेलं काहीतरी भयाण. तो चित्रपट विलक्षण ताकदीचा आहे, पण त्यातल्या नातवाला सुटका नाही. त्याचा निकाल जन्माआधीच लागलेला आहे.

आणि खुद्द 'तुंबाड'चा वारसा? बर्वे यांना ही कल्पना सुचली ती लहानपणी नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितलेल्या नारायण धारपांच्या 'आजी' या गोष्टीवरून. त्या 'आजी'चं नातं स्टीफन किंगच्या 'ग्रामा' या कथेशी सांगितलं जातं, आणि किंगच्या कथेत 'हॅस्टर' हे नाव येतं. किंगआधी ते लव्हक्राफ्टने वापरलं, त्याआधी चेंबर्सने, आणि सगळ्यात आधी अँब्रोज बिअर्सने 1891 मध्ये. बिअर्सकडे हा मेंढपाळांचा भला देव होता. एक मेंढपाळांचा देव सव्वाशे वर्षांत कोकणातल्या गर्भगृहात उपाशी हस्तर होऊन बसला. याला कुणी उसनवारी म्हणेल. मी म्हणेन, घेतलेल्या भांडवलावर इतकं व्याज क्वचितच कुणी दिलं असेल. दाण्याची भूक त्या नावात आधी कुणीच घातली नव्हती.

आता शेवटच्या भागाकडे येतो. विनायक मुलाला धंदा शिकवतो. दोर कसा धरायचा, श्वास कसा सांभाळायचा, पीठ कसं आखायचं. एरवी बाप मुलाला पोहायला शिकवतो तसंच हे चित्रित केलं आहे. त्यात प्रेम आहे, आणि म्हणूनच ते बघवत नाही. मुलगा बापाच्या पुढे जातो. मूठभर मोहरांसाठी खेपा कशाला, सगळा लंगोटच पळवू, ही कल्पना पांडुरंगची. दोघं भरपूर बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. मुलाला वाचवण्यासाठी विनायक सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून वर चढतो. नंतर शापाने विद्रूप झालेला बाप तो लंगोट मुलासमोर धरतो. आयुष्यभराची कमाई! पोर ती घेत नाही. नकार देऊन तो बापाला अग्नी देतो. म्हातारीची आणि आता बापाची, या घरात सुटका फक्त आगीनेच झाली आहे.

भयपटाच्या शेवटी भूत मरतं किंवा उरतं. इथे हस्तर तसाच खाली आहे, मोहरा तशाच आहेत. बदलला तो फक्त वारस. शिकवणारा, मानणारा, दोर धरणारा माणूस उरला नाही की वारसा संपतो. हे सांगायला बर्वे यांना भूत लागलं, कारण मिळालेलं धन परत करणारी माणसं रोजच्या जगात इतकी कमी आहेत की त्यांची गोष्ट वास्तववादी शैलीत सांगितली तर कुणाचा विश्वास बसणार नाही. बापाला अग्नी देताना पांडुरंगच्या चेहऱ्यावर असलेलं रडू मला या चित्रपटातलं सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

पहिल्या प्रदर्शनात या चित्रपटाला माफक प्रतिसाद मिळाला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि मूळ प्रदर्शनापेक्षा जास्त कमाई करून गेला. सहा वर्षांत लोकांनी एकमेकांना सांगून सांगून तो जिवंत ठेवला होता. ज्यांच्या गोष्टीतून हे सगळं सुरू झालं ते धारप 2008 मध्ये गेले. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांनी मराठी वाचकांच्या कितीतरी रात्री जागवल्या आणि त्यांतल्या बहुतेक अजून पडद्याची वाट पाहत आहेत. या सभागृहात चित्रपट काढू पाहणारी तरुण मुलं बसली आहेत. त्यांना माझी विनंती आहे की ग्रंथालयातल्या त्या जुन्या प्रती काढून वाचा आणि यातली एखादी गोष्ट मराठीत करा. आणि बाकीच्या तुम्हा-आम्हाला विनंती एवढीच, की ती लागेल तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा.