यंत्राला सावली हवी की वारा?



आजचा प्रश्न एका महिला दूध संस्थेतून आलाय. संस्थेत दूध थंड करायची टाकी आहे. तिचं बाहेरचं यंत्र, म्हणजे जाळी आणि पंखा असलेला भाग, पश्चिमेच्या भिंतीला बसवलाय. दुपारभर त्याच्यावर ऊन असतं आणि विजेचं बिल वाढत चाललंय. कुणीतरी सुचवलं, यंत्राभोवती पत्र्याची खोपी करा, सावलीनं बिल उतरेल. त्यासाठी गटाच्या बचतीतून पैसे काढायचं जवळजवळ ठरलंय. बायका विचारतात, काढावेत का? ज्यांच्या घरी, दुकानात किंवा संगणकाच्या खोलीत एसी आहे, त्यांनाही हा प्रश्न पडतोच.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. ते गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलतं आणि बाहेर नेऊन टाकतं. धारेचं दूध कोमट असतं, ते चार अंशांवर आणायचं म्हणजे त्यातली सगळी ऊब बाहेर काढावी लागते. ती ऊब जाळीत येते आणि पंखा तिच्यावरून हवा ओढून ती उडवून लावतो. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितका कॉम्प्रेसरला जोर जास्त आणि तितकी वीज जास्त.

आता उन्हाचा हिशेब. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो, तेव्हा बाहेर साडेसहा-सात किलोवॉट उष्णता फेकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन किलोवॉटचे तीन गिझर एकदम लावल्यासारखं. त्याच्या पेट्यावर पडणारं ऊन यापुढे फारच थोडं. शिवाय मिनिटाभरात साधारण दहा बाय दहाच्या खोलीत मावेल एवढी हवा त्या जाळीतून जाते. म्हणजे यंत्राला फरक पडतो तो या हवेनं. पेट्यावरच्या उन्हानं फारसा नाही.

गुऱ्हाळावर चुलवाणाजवळ उभं राहून डोक्यावर छत्री धरली, तर गार वाटेल का? तसंच आहे हे.

हे मोजूनही बघितलंय. अमेरिकेत फ्लोरिडा हा उष्ण आणि दमट प्रांत. तिथल्या सोलर एनर्जी सेंटरच्या संशोधकांनी घरांच्या एसीच्या बाहेरच्या यंत्रावर सावली करून विजेची मोजणी केली. 1996 साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की बचत तीन टक्क्यांच्या आतच राहते. शंभर रुपयांत तीन रुपयेसुद्धा नाहीत.

हे झालं मोकळ्या सावलीचं. खोपी केली तर उलटंच होतं. पंख्यानं फेकलेली गरम हवा पत्र्याला अडते, वळते आणि पुन्हा जाळीत शिरते. यंत्र आपलाच तापलेला श्वास परत घेतं. बिल उतरायचं राहिलं बाजूला, वाढतंच. ऐन एप्रिल-मे महिन्यात यंत्र तापून बंद पडलं, तर संध्याकाळचं दूध नासायची भीती. आपल्या जिल्ह्यात 1963 साली गोकुळ दूध संघ उभा राहिला, तेव्हापासून कितीतरी घरांचा रोजचा पैसा दुधातून येतो. त्यामुळे ही चूक परवडणारी नाही.

मग करायचं काय?

एक, यंत्राला वारा मोकळा ठेवा. मागे वीतभर तरी जागा आणि पंख्यासमोर चार-पाच फूट काही नको. जळण, रिकामे कॅन, पेंडीची पोती तिथून हलवा. सावली करायचीच असेल तर उंच मांडव घाला, चारी बाजू उघड्या ठेवा. शेजारी झाड असेल तर उत्तमच. खालची जमीन तापत नाही.

दोन, जाळी साफ ठेवा. गळीत हंगामात कारखान्याची काजळी उडते, वर धूळ आणि भुसा. जाळी बुजली की हवा जात नाही. आधी मेन स्विच बंद करा, मगच मऊ ब्रशनं पात्यांच्या रेघेत उभी झाडा. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, पाती वाकतात. आतलं काम मेकॅनिककडूनच करून घ्या.

तीन, सावली योग्य जागी द्या. एसीच्या खोलीत उष्णता येते ती तापलेल्या स्लॅबमधून, पत्र्यातून आणि पश्चिमेच्या खिडकीतून. तेव्हा खिडकीला बाहेरून ताटी किंवा वेलाचा मांडव करा, छपराला पांढरा रंग द्या. एसी 24 अंशांवर ठेवा. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं सरकारी ऊर्जा खातं सांगतं. नुसतं बटण दाबून यंत्राच्या सावलीपेक्षा दुप्पट फायदा! दुधाच्या टाकीत मात्र उष्णता दुधाबरोबरच येते. तिथं झाकण विनाकारण उघडं ठेवायचं नाही, एवढं पाळा.

आणि चार, ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, मोजा. टाकीला वेगळा मीटर असेल तर आठवडाभर रोज ठरावीक वेळी रीडिंग लिहा. शेजारी किती लिटर दूध आलं तेही लिहा. शंभर लिटरला किती युनिट लागले ते काढा. मग जाळी साफ करा आणि पुढचा आठवडा तसंच लिहा. दूध जास्त आलं म्हणून बिल वाढलं की यंत्र दमलंय म्हणून, हे वहीच सांगेल.

तर त्या संस्थेतल्या मैत्रिणींना माझं उत्तर असं. बचतीचे पैसे आत्ता काढू नका. पत्र्याची खोपी तर नकोच. आधी जाळी साफ करा, पुढची अडगळ हलवा, दोन आठवड्यांची वही घेऊन मासिक बैठकीत बसा. पैसा गटाचा आहे, तेव्हा आकडे बघूनच ठरवा.